नॉन-डिटेलमधलं शून्य

"सही करा, मिस. पाच मिनिटांत बेल होईल."

करस्पॉन्डंट सारनी कागद माझ्यापुढे सरकवला. वर पेनही ठेवलं, टोपण काढून.

कागदावर एकच नाव होतं. सेल्वी, अकरावी बी. नावापुढे 'इंग्लिश, ३२'. त्यापुढे 'टीसी'. आणि खाली विषयशिक्षिकेच्या सहीची जागा, म्हणजे माझी.

आधी थोडं समजावून सांगते. आमच्या तंजावरात खाजगी शाळेचा कारभार जो बघतो त्याला करस्पॉन्डंट म्हणतात. तो पत्रं लिहीत नाही, शाळा चालवतो. आमचे सार तसे वाईट नाहीत. मुलींसाठी पिण्याच्या पाण्याची मशीन त्यांनीच बसवली. पण शाळेच्या फाटकावर एक बोर्ड आहे, 'बारावी, हंड्रेड परसेंट रिझल्ट', आणि त्या बोर्डापायी माणूस वेडा झालेला आहे. बारावीत कुणी नापास होऊ नये याची सोपी युक्ती म्हणजे, होईल असं वाटणाऱ्याला अकरावीतच काढायचं. क्वार्टर्ली परीक्षेत मुलगी एका विषयात जरी पस्तीसच्या खाली गेली, तरी आईबापांना बोलावून टीसी हातात द्यायचा. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वर्षाच्या मध्यात तो घेऊन पोर कुठे जाणार? बहुतेक वेळा घरी. घरी गेली की लग्न. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आम्ही सह्या करतो. मीही केल्यात. खोटं कशाला बोलू?

पण सेल्वी ढ नव्हती. बोलायची कमी, स्पेलिंगच्या नावाने आनंद, पण ढ नव्हती. म्हणून मी म्हटलं, "सार, पेपर बघते आणि सही करते."

"पेपर तपासून झालाय."

"मी नाही तपासला."

ते खरंच होतं. आमच्याकडे स्वतःच्या वर्गाचे पेपर स्वतः तपासत नाहीत. माझ्या वर्गाचे जयंतीने तपासले, तिच्या वर्गाचे मी. जयंती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. एके काळी माझीच विद्यार्थिनी.

पेपर आणला. सगळीकडे दोन, तीन, साडेतीन असे मार्क, आणि नॉन-डिटेलच्या पाच मार्कांच्या प्रश्नाला भलंमोठं लाल शून्य. बाजूला 'नॉट इन की'. की म्हणजे उत्तरांचा नमुना. त्याच्याशी जुळलं तर मार्क, नाही तर नाही.

नॉन-डिटेल म्हणजे काय, तेही सांगते. मुख्य धड्यांखेरीज एक गोष्ट असते. बहुतेक वेळा जुनी इंग्रजी कादंबरी, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतली. मूळ चारशे पानांची, आमच्या पुस्तकात आटवून आठ पानं. आमची गोष्ट होती एका पाद्र्याच्या थोरल्या मुलीची. बापाला मुलगा नाही, म्हणून बाप गेल्यावर घर आतेभावाला जाणार. आतेभाव म्हणतो, माझ्याशी लग्न कर आणि राहा. आठ पानांच्या शेवटी एवढंच वाक्य की घर कुटुंबातच राहिलं. संपलं.

प्रश्न होता, थोरल्या मुलीने आतेभावाशी लग्न करायला होकार का दिला? उत्तर सगळ्या शाळेला पाठ. ती आज्ञाधारक होती, तिचं बापाच्या घरावर प्रेम होतं, कुटुंबासाठी तिने त्याग केला. तीन पॉइंट, पाच मार्क. वर्गातल्या बाकी एकेचाळीस जणींनी हेच लिहिलं होतं.

सेल्वीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की तिने होकार दिलाच नाही. तिने नाही म्हटलं. मग ती गावात जाऊन मुलांना शिकवू लागली. घर आतेभावाने घेतलं.

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, इथे मराठीत सांगते.

"हे कुठून काढलंस गं?"

"पुस्तकातून, मिस."

"पुस्तकात असं नाहीये."

"मोठ्या पुस्तकात आहे. लायब्ररीच्या कपाटातल्या. किल्ली तुम्हीच दिलीत."

दिली होती खरी. जुलैमध्ये केव्हातरी मागायला आली, मी वह्या तपासत होते, पर्समधून किल्ली काढून दिली आणि विसरून गेले. ते कपाट आम्ही कुलपात ठेवतो. कारण काय, तर पुस्तकं वाचायला दिली की हरवतात! सेल्वी पापनाशमहून पॅसेंजर गाडीने येते. येताजाता रोज अर्धा अर्धा तास, शेजारी डिक्शनरी घेऊन, तिने चारशे पानं वाचली होती.

"कशाला वाचलंस एवढं?"

तिने खांदे उडवले. "आठ पानांत तिला कुणी काही विचारतच नाही, मिस. ती काय म्हणाली ते मला बघायचं होतं."

पुस्तक तिच्या पिशवीतच होतं. मी मागून घेतलं.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात आम्ही मराठी बोलतो, निम्मी तमिळ घातलेली. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसू देत. देवनागरी मला वडिलांनी कान पिळून शिकवली, म्हणून आज हे लिहिता येतंय. तर त्या रविवारी मी स्वयंपाक अक्कावर टाकला आणि ते पुस्तक घेऊन बसले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण.

दुपारपर्यंत मी अकराव्या प्रकरणाला पोचले. तिथे ती मुलगी उभी राहून आतेभावाला नाही म्हणते. दोन पानं भरून म्हणते. कुठे शंकेला जागाच नाही.

जयंतीने की कशावरून बनवली होती? माझ्या नोट्सवरून. तो 'आज्ञाधारक' शब्द माझा. 'त्याग' माझा. नोकरीला लागले त्या वर्षी मी त्या नोट्स लिहिल्या, आठ पानं वाचून. मूळ पुस्तक उघडलं नाही. आठ पानांत होकाराचा एक शब्दही नव्हता, तो मी आपल्या मनाने घातला. मुलगी आहे, घराचा प्रश्न आहे, म्हणजे हो म्हणालीच असणार! एकोणीस वर्षं मी हे वर्गात उभं राहून सांगितलं, पाठ करून घेतलं, आणि ज्यांनी पाठ केलं नाही त्यांना बाकावर उभं केलं. जयंतीही त्यातलीच एक.

"काय गे, रडतीस कशाला?" अक्काने विचारलं.

"रडत नाही. स्वतःचा राग आलाय."

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले. जयंती तिथे होतीच.

"सही?" सार म्हणाले.

"करणार नाही. उत्तर बरोबर आहे. की चुकीची आहे."

जयंतीचा चेहरा पडला. "मिस, मी तर तुमच्याच नोट्स..."

"तुझी चूक नाही, बाळा. माझी आहे." मी अकरावं प्रकरण उघडून टेबलावर ठेवलं.

सारनी पुस्तकाकडे बघितलंही नाही. "मग बाकीच्या एकेचाळीस जणींचे मार्क काढू? सगळा वर्ग नापास करू?"

"त्यांनी मी सांगितलं ते लिहिलं. त्यांचे राहू द्या."

"दोन उलटी उत्तरं बरोबर कशी असतील?"

"एक बरोबर आहे, सार. दुसरं ही माझी चूक आहे. माझ्या चुकीपायी त्या एकेचाळीस जणींना कशाला शिक्षा? आणि हिला तरी कशाला?"

"मिस, तीन मार्कांसाठी तुम्ही शाळेशी भांडताय."

"तीन मार्कांसाठी तुम्ही पोरीला घालवताय."

दुपारी मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे लेखी ताकीद. तीन दिवसांत खुलासा द्यायचा, तो पटला नाही तर पुढची कारवाई. एकोणीस वर्षांत पहिला. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या माना खाली. कुणी म्हणालं, सही करून मोकळी हो ना, कशाला घरी बसायची पाळी आणतेस? माझं डोकंच फिरलं. मी तिथेच बसून खुलासा लिहिला. चार ओळी. मी एकोणीस वर्षं न वाचलेलं पुस्तक शिकवलं. एका विद्यार्थिनीने ते वाचलं. दोघींपैकी कुणाला शाळेतून काढायचंच असेल, तर आधी मला टीसी द्यावा. सोबत अकराव्या प्रकरणाची झेरॉक्स.

मग वर्गात गेले. "नोट्सची वही काढा. पान सतरा. तिन्ही पॉइंटवर काट मारा."

एकेचाळीस जणी माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मिस, मग हाफ-इयर्लीला काय लिहायचं?"

"आधी ऐका. मग ठरवा." मी ती दोन पानं मोठ्याने वाचली. पूर्ण तास लागला, कारण मध्ये मध्ये त्या प्रश्न विचारत होत्या. सेल्वी मान खाली घालून बसली होती.

गुरुवारी तिच्या आईला बोलावलं होतं. पापनाशमच्या बसस्टँडवर फुलं विकणारी बाई. नवी साडी नेसून आली होती, शाळेने बोलावलं म्हणजे काहीतरी चांगलंच असेल असं समजून. ते बघून मला भडभडून आलं.

सारच्या टेबलावर टीसी तयार होता, माझ्या सहीवाचूनच. माझा खुलासा त्याच्याखाली. सारनी सेल्वीला समोर उभं केलं.

"मिसनी दिलेलं उत्तर तू पाठ का नाही केलंस?"

"पाठ आहे, सार."

"म्हण बघू."

तिने म्हटलं. हात मागे बांधून, एका दमात, तिन्ही पॉइंट. मी वर्गात जिथे श्वास घेते तिथे श्वास घेऊन. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाचपैकी पाच मार्कांचं उत्तर.

सार चकित झाले. "एवढं येत होतं? मग पेपरात का नाही लिहिलंस? आज इथे उभं राहावं लागलं नसतं."

"ते खोटं आहे, सार," ती म्हणाली.

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. कुणी नाव विचारलं की सांगावं, तसं तिने सांगितलं. तिची आई काही न कळून माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "अम्मा, तुमच्या मुलीने जे केलं ते मला एकोणीस वर्षांत जमलं नाही."

सारनी टीसीखालचा माझा खुलासा काढला आणि सोबतची झेरॉक्स वाचली. मग जयंतीला हाक मारली. जयंतीने उभ्याउभ्याच तो पेपर पुन्हा तपासला, शून्यावर काट मारली आणि चार दिले. एक मार्क स्पेलिंगचा कापला. कापायलाच हवा होता. छत्तीस झाले. टीसी फाडला गेला.

मला काही कुणी शाबासकी दिली नाही. मेमो मागे घेतला नाही, तो माझ्या फाइलला आहे. जूनमध्ये टाइमटेबल लागलं तेव्हा अकरावी-बारावी जयंतीकडे गेली आणि मला सहावी मिळाली. सार म्हणाले, "तुम्हाला विश्रांती हवी, मिस." मी म्हटलं, "थँक यू, सार." फाटकावरचा बोर्ड अजून तिथेच आहे, आणि त्या हंड्रेड परसेंटमध्ये मोजल्या जाणाऱ्यांत आता सेल्वीही आहे, बारावीला.

जूनच्या पहिल्याच आठवड्यात जयंती माझ्याकडे आली. मला वाटलं, नोट्स मागायला आली असेल. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मिस, कपाटाची किल्ली."

मी दिली. सहावीचं पुस्तक पातळ आहे, गोष्टी दोन-दोन पानांच्या. तरी शिकवण्याआधी मूळ कुठे मिळतं ते शोधून मी वाचते. आणि सारनी पुढे सरकवलेला तो सहीचा कागद मी परत दिलाच नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सहीची जागा कोरी आहे, आणि तशीच राहणार.