गॅरेजच्या डोळ्यांना लावलेलं कुंकू

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. याचा फायदा असा की घरात काहीही बिघडलं की मला हाक मारतात, आणि तोटा असा की मी जे सांगते ते कुणी ऐकत नाही. "इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय ती," असं बाबा अभिमानाने सांगतात आणि लगेच मिस्त्रीला फोन लावतात.

बाबा पुरोहित. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही राहतो. बनारसमधल्या बऱ्याच मराठी घरांच्या मुंजी, लग्नं, वास्तुशांती बाबांकडे असतात. त्यातलेच एक यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि गल्ल्यांना कंटाळून शहराबाहेर बंगला बांधून राहायला गेले. बंगल्याला गॅरेज, आणि गॅरेजला बटणावर वरखाली होणारं दार. आमच्या गल्लीत समोरून सांड आला की माणूस भिंतीला चिकटून उभा राहतो. या बंगल्यात गाडीला स्वतंत्र खोली मिळालेली पाहून मी खरंच भारावले. यजमान त्या दाराचा रिमोट दोरीला बांधून गळ्यात घालूनच फिरत होते. सोवळ्यातसुद्धा.

वास्तुशांतीच्या दिवशी बाबांनी प्रथेप्रमाणे घरातल्या प्रत्येक नव्या यंत्राला कुंकू लावलं. फ्रिज झाला, पाण्याची मोटर झाली, गाडी झाली, शेवटी गॅरेजचं दार. या दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक काळी डबी बसवलेली होती आणि प्रत्येक डबीला छोटी गोल काच.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"दाराचे डोळे आहेत, गुरुजी."

डोळे आहेत म्हटल्यावर बाबांना थांबवणार कोण? तुपात कालवलेलं कुंकू, चांगलं जाडसर, ऐन काचेवर, दोन्हीकडे. वर अक्षता. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलगी तेव्हा आत पंगतीला वरण वाढत होती. शिक्षणाने माणूस कुठल्या कुठे पोहोचतो!

त्या संध्याकाळपासून दार बंद होईना. बटण दाबलं की जरासं खाली यायचं, दिवा लुकलुकायचा आणि पुन्हा वर जायचं. हे सगळं मला पुढच्या अमावास्येला कळलं. नजर लागू नये म्हणून गॅरेजवर कोहळा बांधायचा होता, आणि कोहळा जड असल्यामुळे माझ्या शिक्षणाची गरज पडली.

आम्ही पोहोचलो तेव्हा यजमान गॅरेजमध्येच होते. रिमोट दाबून त्यांनी दार खाली आणलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं. "बघा गुरुजी, कसं मख्खन! मिस्त्रीने एका मिनिटात काम केलं. म्हणाला, अब नहीं रुकेगा, साहब."

मी वर पाहिलं. दोन्ही डब्या खालून काढून छताशी मोटरजवळ टेपने चिकटवल्या होत्या. वीतभर अंतरावर, समोरासमोर, अंतरपाट दूर झालेल्या नवरा-नवरीसारख्या एकमेकींकडे बघत.

या डब्यांचं काम एवढंच असतं. एकीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची रेघ निघते, दुसरी ती रेघ पाहत बसते. दार खाली येताना मध्ये कुणी आलं की रेघ तुटते, आणि दार तिथूनच उलटं वर जातं. म्हणून त्या खाली, जमिनीजवळ बसवतात. मूल, मांजर, माणसाचा पाय जिथे असतो तिथे. छताशी फक्त पालीचं रक्षण होत होतं.

आणि यजमानांची नात नुकतीच रांगायला लागली होती. गाडीचा किंवा दाराचा आवाज आला की ती घरातून गॅरेजकडे सुसाट यायची. आत्ताही आली होती. तिची आई, म्हणजे यजमानांची सून, मागून धावत येऊन तिला उचलत होती. "दिवसभर हाच खेळ चाललाय," वहिनी म्हणाल्या.

मला बोलायचं होतं. पण वर नीट पाहिलं तेव्हा काचांवर लाल ठिपके दिसले, आणि दार पहिल्यांदा का अडलं ते समजलं. इतक्या जवळून पुसट कुंकवातून प्रकाश पोहोचत होता. खाली, दाराच्या रुंदीएवढ्या अंतरावर, पोहोचला नसता. म्हणजे तोंड उघडायचं तर यजमानांसमोर सांगायचं की गुरुजींनीच दार आंधळं केलं. बाबांचं सगळं काम लोकांच्या विश्वासावर. आमच्याकडे वडिलांचा मंत्र चुकला तरी मुलं खोकतात, बोलत नाहीत.

मीही आधी खोकले.

"काका, ते डोळे वर नसतात."

"असू दे गं. चालतंय ना?"

"पण बाळ खाली आलं तर..."

"तुझं पहिलंच वर्ष ना?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"दुसरं."

"हां. मिस्त्रीची सगळी हयात यात गेलीय, बेटा."

हातात कोहळा होता. "एकदा हा खाली ठेवून बघू या?" मी विचारलं. आवाज इतका बारीक आला की वहिनींनी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं.

"बघा की," यजमान म्हणाले आणि त्यांनी उत्साहाने बटण दाबलं. दार खाली आलं. कोहळ्यावर टेकलं. कशावर तरी टेकलं की दाराने स्वतःहून मागे फिरायचं, अशीही एक सोय मोटरमध्ये असते. पण दार कुठेच अडू नये म्हणून मिस्त्रीने दाराचा जोर कमी-जास्त करणारा स्क्रूही पूर्ण पिळून ठेवला होता. माणूस मन लावून काम करणारा. दार दाबत राहिलं आणि कोहळा करकरत फुटला. पाणी आणि बिया नव्या फरशीवर पसरल्या.

"दाराला खरचटलं का बघा बरं," यजमान म्हणाले.

वहिनींनी मुलीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तेव्हा कुठे यजमानांनी तिच्याकडे पाहिलं, आणि रिमोट गळ्यातून काढला.

"पण डब्या खाली होत्या तेव्हा बंदच होत नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "का?"

मी बाबांकडे पाहिलं. "बाबा, कुंकू," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

बाबांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता घरी गेल्यावर कॉलेज बंद. बाबा म्हणाले, "यजमान, स्टूल आहे का?" स्टूलवर चढून त्यांनी स्वतः टेप काढली, उपरण्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि डब्या माझ्या हातात दिल्या. "मिस्त्रीने चूक केलीच," ते यजमानांना म्हणाले, "पण डोळे झाकले मी. कुठे बसवायच्या ते हिला विचारा."

मी फरशीवर बसून डब्या जुन्या जागी लावल्या. समोरासमोर अगदी सरळ आल्या की छोटा दिवा स्थिर होतो. जरा तिरप्या झाल्या की लुकलुकतो. यजमान चष्मा लावून "उजवीकडे, उजवीकडे" असं सांगत राहिले, कारण कुणीतरी सांगायला हवंच होतं. मग मी जोराचा स्क्रूही सैल केला.

मुलगी तोवर रडायची थांबली होती. वहिनी तिला कडेवर घेऊन दारापाशी बसल्या, यजमानांनी बटण दाबलं, आणि दार खाली येऊ लागल्यावर वहिनींनी स्वतःचा पाय रेघेत सरकवला. दार थांबलं आणि वर गेलं. पोरीला हे फार आवडलं. पुढच्या वेळी आईच्या मांडीवरून वाकून तिने आपला हात मध्ये घातला. दार पुन्हा वर. ती खिदळली, पुन्हा हात घातला.

"आता हे बंद कधी होणार?" यजमान म्हणाले. "मला मंडईत जायचंय."

"थांबा जरा," वहिनी सासऱ्यांना म्हणाल्या. "तिला आणखी एकदा करू दे."

यजमानांनी गाडीला टेकून पुन्हा बटण दाबलं.