ती बोलली, आईने ऐकलं

मंडळी, आज सिन्नर तालुक्यातल्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांना शिकवलं, की नकोसा स्पर्श झाला तर मोठ्याने ‘नको’ म्हणायचं आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचं.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. “मॅडम, शाळेत सोडणारे जीपवाले काका मला रोज मांडीवर बसवतात. मला नाय आवडत.”

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी लगेच तिच्या आईला बोलावलं. ती शेतातून तशीच धावत आली. मला धाकधूक होती, लेकीलाच गप्प करते की काय!

लेकीचं सगळं ऐकून तिने तिला पोटाशी धरलं. “तुझी काय बी चूक नाय. सांगितलंस, लय बरं केलं.” मग मला म्हणाली, “मॅडम, चला पोलिसांकडे.”

आत्ताच तक्रार देऊन आलो. तुमच्या लेकराने असं सांगितलं, तर तुम्ही आधी काय म्हणाल?