आत्याचा भाऊ

कुलूपवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट. कुणीतरी तिला शटर लावून भाड्यानं दिली, एवढंच. आत एक स्टूल, किल्ल्या घासायचं मशीन आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहायचं, कारण ते आत आलं तर कुलूपवाल्याला बाहेर जावं लागलं असतं.

माणूस बोलायला कमी. किल्ली घासून झाली की तिच्यावर फुंकर मारायचा, कुलपात घालून फिरवायचा, बाहेर काढायचा आणि पुन्हा घालून पुन्हा फिरवायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. "अहो, फिरली की! द्या ना आता," असं कुणी म्हणालं तर हा शांतपणे म्हणायचा, "एकदा कशीही फिरते. पुन्हा फिरू दे." या दुसऱ्या फेरीपायी त्यानं जन्मभर बोलणी खाल्ली, पण खोड काही गेली नाही.

लग्नसुद्धा त्याचं उशिरा जमलं आणि तेही किल्लीपायी. पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या काउंटरवर बसणारी बाई लाँड्रीची किल्ली हरवली म्हणून आली. थोड्या दिवसांनी पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाई फारच वेंधळी आहे असं याचं मत झालं, आणि हे मत त्यानं आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं.

"अरे बाबा," बहीण कपाळावर हात मारून म्हणाली, "इतक्या किल्ल्या कुणी चुकून हरवत नसतं!"

"अरे बाबा" हे या बहिणीचं पालुपद. लिफ्ट बंद पडली, अरे बाबा. दूध उतू गेलं, अरे बाबा. जिन्यात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही ती "अरे बाबा, सरक की जरा" असंच म्हणायची. तर या बहिणीनं पुढाकार घेतला आणि भावाचं लग्न लावून दिलं, नाहीतर तो आजही त्या बाईला किल्ल्याच करून देत बसला असता.

लाँड्रीवालीला पहिल्या नवऱ्यापासूनची एक मुलगी होती. पोर अगदी लहान असताना नवरा आजारानं गेला. मुलीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं; घरात ती मनी. नावासारखीच होती. पावलांचा आवाज न करता यायची, न सांगता जायची आणि एखादी गोष्ट पटली नाही की भांडायची नाही, सरळ उठून दुसऱ्या खोलीत निघून जायची.

कुलूपवाल्याशी ती कधी वाईट वागली नाही, हे आधीच सांगून टाकतो. फक्त ती त्याला काही म्हणत नव्हती. बाबा नाही, काका नाही, अहो नाही, अरे नाही. आपल्या भाषेत समोरच्याला हाक न मारता त्याच्याशी अख्खा जन्म बोलता येतं, आणि ही कला मनीला दहा वर्षांच्या वयातच पुरती साधली होती. "चहा झालाय." "आई बोलावतेय." "टीव्हीचा आवाज कमी होईल का?" समोर माणूस आहे की खुर्ची, बोलण्यावरून कळायचं नाही.

बाबा हा शब्द तिनं राखून ठेवला होता. कपाटावर एक फोटो होता, त्यातला तो बाबा. "माझा बाबा मस्त शिट्टी वाजवायचा," ती सांगायची. तो फोटो कुलूपवालाच पुसायचा, कारण घरात त्याचाच हात तिथवर पोचायचा. त्या हसऱ्या माणसाबद्दल त्याच्या मनात कधी वाकडं आलं नाही. पण आपल्यालाही या पोरीनं काहीतरी म्हणावं असं त्याला फार, फार वाटायचं. बाबाच म्हण असा त्याचा हट्ट नव्हता. काका चाललं असतं. "ए कुलूपवाल्या" म्हणाली असती तरी त्यानं ओ दिली असती.

गंमत अशी की त्याच्या बहिणीला मनी पहिल्या दिवसापासून आत्या म्हणत होती. आत्या इकडे ये, आत्या माझी वेणी घाल, आत्या तू राहायलाच ये. दुकानात काम नसलं की कुलूपवाला विचार करत बसायचा. आत्या म्हणजे बापाची बहीण. आता ही जर हिची आत्या, तर आत्याचा भाऊ हिचा कोण? गणित अगदी बरोबर होतं. उत्तर तेवढं कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं.

सुट्टी लागली तेव्हा मनीनं वाघ बघायचं काढलं. शहराबाहेर, बसनं बरंच लांब, म्हाताऱ्या वाघ-सिंहांसाठी एक अभयारण्य होतं. सर्कशी बंद पडल्यावर उरलेले, कुणा हौशी श्रीमंतानं बंगल्यात पाळून मग नकोसे झालेले, असे सगळे तिथं ठेवले होते. मनीनं आईला सांगितलं, आईनं नवऱ्याला सांगितलं, आणि ज्यानं अंगात ताप असतानाही कधी शटर पाडलं नव्हतं त्यानं भर कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

"चला," बसमध्ये चढता चढता आत्या म्हणाली, "मावशी निघाली भाच्यांना भेटायला!"

मांजर ती वाघाची मावशी, आणि आपली ही मनी. मनी खुदकन हसली. कुलूपवाल्यालाही हसू आलं, पण ते त्यानं खिडकीबाहेर तोंड करून हसून घेतलं.

अभयारण्याच्या फाटकाशी तिथली देखभाल करणारी ताई भेटली. पायात गमबूट, हातात बादली, आवाज खणखणीत. धावायचं नाही, काही फेकायचं नाही आणि ही पिवळी दोरी ओलांडायची नाही, असं तिनं बजावलं. दोरी प्रत्येक जाळीपासून चांगलं लांब, कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली होती.

पहिला सिंह उताणा झोपला होता.

"हे आमचे साहेब," ताई म्हणाली. "जेवल्यावर कुणाला भेटत नाहीत."

"आमच्या ऑफिसातले असेच होते," आत्या म्हणाली. मनी मात्र दोरीला चिकटून उभी होती आणि ताईला भंडावून सोडत होती. त्याला स्वप्नं पडतात का? सर्कस आठवते का? त्याला कुणी मित्र आहे का? घरात चार शब्दांवर न जाणारी पोर आज नळ सोडल्यासारखी बोलत होती. कुलूपवाला मागे उभा राहून ऐकत होता आणि अधूनमधून जाळीच्या दाराकडे बघत होता.

"अहो, सिंह तिकडे आहे," बायको हळूच म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला. "कुलूप सात लिव्हरचं दिसतंय."

बायकोनं सुस्कारा सोडला. या माणसाला स्वर्गात नेलं तरी तो आधी दाराची कडी बघेल, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

शेवटच्या कुंपणात एक वाघीण होती. सर्कशीतून आलेली, म्हातारी, खांद्याची हाडं वर आलेली. तिला तिथं सगळे थोरली म्हणत. गवतात ती अशी पडली होती की नुसते कान दिसत होते. ताई पुढच्या नळावर बादली भरायला गेली. मनी दोरीवर हात ठेवून टक लावून बघत उभी राहिली. आणि कुलूपवाल्याची नजर जाळीतल्या एका छोट्या दारावर गेली. दाराला कुलूप होतं. कुलपाचा आकडा वर उभा होता, दाबून बसवलेला नव्हता.

दार उघडं, आत वाघीण, आणि दाराच्या अगदी समोर मनी. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. याला ओरडणं जन्मात जमलं नव्हतं, आणि ओरडून वाघीण उठली म्हणजे? कुलूप बंद करायला कितीसा वेळ लागतो, असा विचार करून तो दोरीखालून वाकून पलीकडे गेला.

गवतातले कान हलले. थोरली उठली, म्हातारी असली तरी काही आवाज न करता उठली आणि चालत जाळीपर्यंत आली. हा आपला कुलपाकडेच बघत पुढे चालला होता.

"अरे बाबा, थांब!"

मनी ओरडली होती. कुलूपवाला जागच्या जागी थांबला. समोर हाताच्या अंतरावर जाळी आणि जाळीपलीकडे वाघिणीचं भलंमोठं तोंड. पण त्याला त्या क्षणी वाघीण दिसतच नव्हती. तो मान वळवून मनीकडे बघत होता. थोरलीनं त्याला न्याहाळलं, एकदा फुरफुरली, पाठ फिरवली, शेपटी उभी केली आणि जाळीतून त्याला छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजवून टाकलं.

"दोरी यासाठीपण असते, काका!" ताई बादली टाकून धावत आली. तिला राग आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. "काय करायला गेला होता तिथं?"

"कुलूप... उघडं आहे ते."

"अहो, ते दार आम्ही कधीच वेल्डिंग करून बंद केलंय! जुनं कुलूप नुसतं लटकतंय तिथं. उद्याच काढते बाई."

आयुष्यभर कुलपं बघणाऱ्या माणसानं कुलूप बघितलं आणि दार बघायचं राहूनच गेलं. आत्या हसता हसता खाली बसली. बायकोनं आधी त्याचे हातपाय चाचपले आणि मग तीही पदर तोंडाला लावून हसली. मनी हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोरी दिसत नव्हती का?" ती म्हणाली. पुन्हा तेच, खुर्चीशी बोलल्यासारखं. पण आवाज कापत होता.

"कुलूप उघडं वाटलं गं," तो म्हणाला. "आणि तू अगदी समोर उभी होतीस."

मनी खाली बघून बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली.

ताईनं त्याला नळाखाली उभं केलं, कुणाचा तरी जुना शर्ट दिला. शर्ट बदलता आला, पॅंट बदलता आली नाही. वास जाण्यातला नव्हता. पण कुलूपवाल्याचं वासाकडे लक्षच नव्हतं. अरे बाबा, थांब. त्यानं ते वाक्य मनात उलटसुलट करून बघितलं. थांब म्हणाली, थांबा नाही. परक्या माणसाला कुणी थांब म्हणेल का? नाही म्हणणार. मग बाबा कुणाला म्हणाली? तो जवळजवळ खूश व्हायला आला होता, एवढ्यात बस स्टॉपवर आत्यानं नाकाला रुमाल लावला.

"अरे बाबा, काय हा वास!"

त्याचा चेहराच उतरला. पोरगी दिवसभर आत्याच्या मागेमागे असते. आत्या कुत्र्याला म्हणते तेच ती याला म्हणाली असणार. घाईत तोंडातून निघालं, दुसरं काय? विचारून बघावं तर काय विचारणार? बाई गं, मघाशी मला म्हणालीस की नुसतीच म्हणालीस? छे. अशी गोष्ट विचारली की हातची जाते.

बसमध्ये तो सगळ्यात मागच्या बाकावर एकटाच बसला. लोक चढत, मागे येत, नाक मुरडत आणि पुढे जाऊन उभे राहत. बायको दोनदा वळून बघून गेली, तिला त्यानं हातानंच पुढे बस म्हणून खुणावलं. आत्यानं तर ड्रायव्हरच्या मागची सीट धरली होती. थोड्या वेळानं कुणीतरी त्याच्या शेजारी येऊन बसलं. पावलांचा आवाज आला नव्हता, त्यामुळे कोण ते बघायची गरज नव्हती. मनीनं एका हातानं नाक दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं समोरचा दांडा.

"इथं का बसलीस? वास येतोय."

"येऊ दे," ती नाकातून म्हणाली.

काही बोलायला गेलो तर ही उठून जाईल, या भीतीनं त्यानं डोळे मिटून घेतले आणि मान मागे टेकवली. तिला वाटावं, झोप लागली. बस शहरात शिरली, ओळखीची वळणं आली, पुढून आत्याची हाक आली, "मने, उठव गं त्याला, आलं आपलं!"

आता ही म्हणेल, स्टॉप आलाय. नाहीतर म्हणेल, उतरायचंय. कुलूपवाला मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिला.

मनीनं नाकावरचा हात काढला आणि त्याच्या दंडावर ठेवला.

"बाबा, ऊठ."

आधी अरे नव्हतं, मागे वाघीण नव्हती, ओरडण्यासारखं काही घडलंही नव्हतं. बसची घंटा वाजली, माणसं दाराकडे सरकली, बायको पिशवी घेऊन उभी राहिली. कुलूपवाला टक्क जागा होता. तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. काय करणार, दुसऱ्या फेरीची सवयच तशी.

"बाबा," मनीनं त्याला गदागदा हलवलं, "ऊठ ना रे! जागा आहेस तू, कळतंय मला."

तेव्हा कुठं तो उठला.