खांबामागं

हे मी आजवर कुणापाशीच बोलले न्हाई. रेखाच्या बापापाशी न्हाई, माझ्या मायपाशी न्हाई. तुमाला काहून सांगून राहिले — तेबी मला माहीत न्हाई.

रेखा, माझी लेक. चार वर्षांची असंल तवा. बोलायची न्हाई, गळ्यात पडायची न्हाई. दिवसभर हळद शिजवून मी घरी आले की जवळ यायची, माझ्या कोपरावर कपाळ घट्ट दाबायची अन् तशीच उभी ऱ्हायची. थकलेली असायचे मी. "सरक गं" म्हणून ढकलायचे तिला.

आमच्याकडं लेकराची एक गंमत करतेत — "तुझी माय गेली बग तुला सोडून." लेकरू भोकाड पसरतं, बाया हसतेत, अन् माय मनातून सुखावते. जाऊबाईचं पोरगं तर जमिनीवर लोळण घ्यायचं. रेखाला कुणी तसं म्हणलं की ती भिंतीकडं बघत बसायची. "हिला मायची मायाच न्हाई," जाऊ एकदा म्हणली. चेष्टेतच म्हणली ती. पण ते माझ्या मनात बसलं. खोटं कशाला बोलू — मला माझ्याच लेकराचा राग यायला लागला.

मग माहेरी जाताना, वसमतच्या बसस्टँडवर... मी तिला बाकड्यावर बसवलं अन् खांबामागं लपले. रडंल, म्हणलं. एकदा तरी माझ्यासाठी रडंल.

ती रडली न्हाई. हसली. मोठमोठ्यानं, हात झटकत, गोल गोल फिरत. लोक कौतुकानं बघून राहिले. अन् मी? मला आणखीच चीड आली. ती स्वतःचं मनगट चावायला लागली, तरी मी थांबले. फ्रॉक ओला झाला, मनगटातून रक्त आलं, हसणं चालूच. आधी रडू दे, म्हणलं. माय होते ना मी तिची? एका म्हातारीनं "कुणाचं लेकरू हाय हे?" म्हणून हाका मारल्या, तवा कुठं बाहेर आले.

घरी सांगितलं, गर्दीत हात सुटला. सगळ्यांनी मलाच धीर दिला. मी तो घेतला.

काही वर्षांनी हिंगोलीला शिबिरात एका डॉक्टरीणबाईनं समजावलं — याला ऑटिझम म्हणतात. अशी काही मुलं फार घाबरली की हसतात. जीव लावतात, पण त्यांच्या पद्धतीनं. मग विचारलं, "ही तुमच्याजवळ येते का, तिच्या पद्धतीनं?"

"येत न्हाई," मी म्हणले. ते खरंच होतं. कधीपासून, ते बाईनं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

रेखा आता मोठी झाली. वाढलेलं जेवते, वेणी घालू देते. सांजच्याला मी ओसरीत तिच्याशेजारी बसते, कोपर तिच्याकडं करून. ती उठते, ओसरीच्या खांबाला कपाळ घट्ट दाबते, अन् तशीच उभी ऱ्हाते.