हिरव्या रंगाखालचं कपाट

नांदुऱ्यातलं एक जुनं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, पाडायला घेतलं होतं आणि तिथलं सामान आमच्या शाळेच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे येऊन पडत होतं. मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. येता-जाता खुर्च्या, पत्रे, तराजूचे दांडे दिसायचे. एका दुपारी माणसापेक्षा उंच कपाट दिसलं. वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट थापलेला. सहज दाराच्या कडेवर बोट फिरवलं, तर रंगाखाली उंचसखल काहीतरी लागलं. वेलीसारखं. मी केसांतली पिन काढली आणि खरवडलं. आत तांबूस, काळसर लाकूड.

भंगारवाला म्हणाला, "सरपणाच्या भावात घेऊन जा मॅडम, जागा अडवून बसलं आहे." मी तिथूनच ताईला फोन लावला. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, संग्रामपूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

"ताई, मी एक कपाट घेऊन राह्यली."

"किती कप्प्याचं?"

"मोजले नाही."

"मंग घे," ती म्हणाली आणि हसत सुटली. का हसली ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण त्या दिवसापासून पंधरा दिवस आम्ही दोघी अशाच हसत होतो.

माझ्या भाड्याच्या खोलीत ते मावणारं नव्हतं, म्हणून सोनाळ्याला मायकडे न्यायचं ठरलं. संग्रामपूरला ताई पांढऱ्या साडीतच टेम्पोत चढली. कपाट चादरीत गुंडाळून आडवं ठेवलेलं, आम्ही दोघी त्याला दोन्हीकडून धरून बसलेल्या. फाट्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी काळजीनं विचारलं, "कोनाले घेऊन चालल्या सिस्टर?"

"लय जुना पेशंट हाये बाबा," ताई म्हणाली. "पन वाचते."

मायला मात्र हे अजिबात आवडलं नाही. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून आम्हा दोघींना शिकवलं, आणि शिकलेल्या पोरींनी भंगार विकत आणलं! "घरात लोखंडाचं कपाट असून हे सरपन कायले आनलं वं?" एवढं बोलून ती त्या कपाटाकडे पाठ फिरवून बसायला लागली. जेवायलासुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रंग काढला. रंग मऊ करायचं औषध लावायचं, मग बांबूच्या कामटीनं हळूहळू खरवडायचं. पहिल्या दिवशी वेल निघाली. दुसऱ्या दिवशी वेलीवर पोपट निघाला, तेव्हा ताई ओरडली, "बाई, याले तर डोयाबी हाये!" आणि आम्ही दोघींनी अंगणात फेर धरला. पोपटाच्या खाली फुलं होती, देठापासून खाली लोंबणारी. ताईच्या मते ती कमळं, माझ्या मते घंटा. यावरून आमचं दोन दिवस भांडण.

शेवटी मी अकोल्याच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. हे गृहस्थ जुन्या लाकडी सामानाची पारख करतात. ते लगेच यायला तयार झाले. बारीक, गंभीर, खिशात भिंग. चहाही न घेता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पॉलिश पेपर घासला नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"नशीब त्याचं."

मग त्यांनी खण बाहेर ओढले. सांधे दाखवले: एकाचे दात दुसऱ्यात बसवलेले, खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. खणाच्या तळाला सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा होत्या. "हातकरवतीच्या," ते म्हणाले. "मशीनच्या गोल करवतीची रेघ कमानीसारखी वळते." कडेचा एक कपचा त्यांनी हुंगला आणि माझ्या नाकाशी धरला. कातड्यासारखा, तेलकट वास. जुना साग. मी शाळेत वर्षानुवर्षं निरीक्षण शिकवते आणि हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं! मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मागेमागे फिरत प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणायला लागले.

कोरीवकाम बघून ते म्हणाले, "हे गुजरातेकडचं. ही घंटाफुलं तिकडचीच. कोणा व्यापाऱ्यानं रेल्वेनं आणवलं असणार."

मी ताईकडे विजयी नजरेनं पाहिलं. तेवढ्यात पाठ करून बसलेली माय वळली. पहिल्यांदाच. उठून कपाटाजवळ आली, नाक लावून पाहिलं.

"घंटा नाही अन् फिंटा नाही. बोंड हाये हे."

"आजी, कापसाचं बोंड वर बघतं," गृहस्थ नम्रपणे म्हणाले.

"आताचं पाह्यते वर. गावरानी कापूस खाली मान घालते बावा. अन् हे पान पाय, कोंबडीच्या पायावानी चिरलेलं. म्या पोट्टी असताना याच बोंडायनं हात फाडले माहे."

गृहस्थ भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कपाट फिरवा."

आम्ही चौघांनी ते भिंतीपासून ओढलं. मागच्या फळ्या साध्या, पांढरट, हलक्या लाकडाच्या. त्यांवर काळे इंग्रजी शिक्के होते. ताईनं मान उलटी करून वाचलं: जिनिंग मशिनरी, ही बाजू वर. अक्षरं उलटी, आणि बाण जमिनीकडे.

विलायती यंत्राच्या खोक्याच्या फळ्या! जिनिंगमधल्याच कोणा सुतारानं सातपुड्याचा साग घेऊन, रोज डोळ्यांसमोर येणारं बोंड कोरून कपाट केलं होतं आणि पाठीला खोकं उलटं ठोकलं होतं. ताई जमिनीवर बसून हसायला लागली, मग मी, आणि मग ते गंभीर गृहस्थ भिंतीला टेकून असे हसले की त्यांचं भिंग खाली पडलं.

डोळे पुसून ते म्हणाले, "बाजारात या पाठीमुळे किंमत उतरेल. मला विचाराल तर चढली." त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्या तीन पगारांएवढा होता, आणि घेणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे तयार होतं. आम्ही दोघींनी मायकडे पाहिलं.

"माह्या लुगड्यायनं काय उघड्यावर राहावं का?" माय म्हणाली. विषय संपला. जाताना गृहस्थांनी वहीत मायचं बोंडाबद्दलचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तिच्या पाया पडले.

ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शेजारीण जातं घेऊन आली, कोणी हंडा, कोणी अडकित्ता. माय ओट्यावर पाय पसरून बसली, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायची आणि निकाल द्यायची. एकजण पेटी घेऊन आला, म्हणे आजोबांच्या आजोबांची आहे.

मायनं झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं.

"तुह्या मायच्या लग्नात आली हे. मीच डोक्यावर आनली होती स्टँडपासून. ने घरी."