कमळामावशींची एकच साडी

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पर्यावरणीय अर्थशास्त्र शिकतेय, हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहेच. जुन्या चाळींमध्ये काहीच कसं वाया जात नसे, यावर मला निबंध द्यायचाय. म्हणून आज दुपारी काळाचौकीला आईच्या मैत्रिणीकडे, कमळामावशींकडे गेले. त्यांचं वय शहाऐंशी.

चहा पिताना मी मसुदा वाचून दाखवला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात गिरणगावातली माणसं कमी वस्तूंत किती समाधानानं जगायची, असं त्यात लिहिलं होतं.

मावशींनी मला थांबवलं. "समाधानानं? कोणी सांगितलं तुला?"

मी कागद खाली ठेवला. त्या सांगू लागल्या,

"आम्हा दोघी बहिणींत बाहेर नेसायची साडी एकच. शिवाजी पार्कच्या सभेला ताई ती नेसून गेली. मी घरात बसून गल्लीतून जाणाऱ्यांच्या घोषणा ऐकल्या. मला फार जायचं होतं गं."

ते वाक्य मी त्यांच्यासमोरच खोडलं.

तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आम्ही चिंधीसुद्धा टाकत नव्हतो, ते लिही. ते चांगलंच होतं. फक्त आम्हाला त्याची हौस होती, असं लिहू नकोस."

घरी आल्यापासून पुन्हा लिहायला बसलेय. आपण सगळ्यांनी कमी वापरायला हवं, हे मला अजूनही पटतं. पण ते कमी नेमकं कोणाच्या वाट्याला येणार?

तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचाराल का, काय काय नसताना त्यांनी दिवस काढले? आणि त्यातलं काय त्यांना अजून सलतं?