अनसूयाअक्कांनी दिलेलं पाकीट

आमच्या धारवाडात माणसं काय काय जमवतात. कोणी नाणी, कोणी वैरी. माझे शेजारी शेषगिरी रिकामी पाकिटं जमवतात. पैशांची नव्हेत, शाईचं पेन ठेवायची, कोटाच्या खिशात बसणारी जुनी चामडी पाकिटं. आत पेन सापडलंच तर ते काढून घरच्यांना परत देतात. 'दागिना परत करून डबी ठेवून घेणारा माणूस' असं भाग्यलक्ष्मीवहिनी नवऱ्याबद्दल म्हणतात, आणि चामड्याला मधल्या खोलीचा उंबरा ओलांडू देत नाहीत. त्यामुळे संग्रह बाहेरच्या कपाटात, आणि संग्राहकाला हात धुतल्याशिवाय ताट नाही.

शेषगिरींनी कलघटगीच्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. पाकिटाच्या तोंडाशी शाईचा डाग कुठे आहे ते बघून हा गृहस्थ सांगतो, की मालक टोपण घाईने लावायचा की सावकाश. खरं-खोटं तपासायला मालक हयात नसतो, ही त्यांची सोय.

त्यांचा एक नेम होता. विकत घ्यायचं नाही आणि मागायचंही नाही. ज्या घरी पाकीट आहे त्या घरी जात राहायचं, पेन्शनचे कागद लावून द्यायचे, गेलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकायच्या. मग एक दिवस घरचेच म्हणतात, तुम्हीच न्या, तुम्ही जपाल. पण गडी घुमा. चार वाक्यं झाली की चहाच्या कपात बघत बसणार. म्हणून सोबत पद्मनाभ जायचा, शाळेपासूनचा मित्र आणि बोलघेवडा. मी त्यांना नवरदेव आणि करवला म्हणायचो. मुलगी बघायला निघाल्यासारखेच दोघं इस्त्री करून निघायचे.

नवनगरच्या अनसूयाअक्कांकडे त्यांच्या वकील यजमानांचं एक पाकीट होतं. तीन पेनांचं, कोण्या खोगीर शिवणाऱ्याने मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवलेलं. दोन वर्षं ही जोडी तिथे चहा प्यायली. शेवटी आषाढात अक्का म्हणाल्या, नागपंचमी झाली की मन घट्ट करून देते. त्या दिवशी शेषगिरी जेवताना आपणहून बोलले म्हणे. वहिनी घाबरल्या, ताप बघितला.

नागपंचमीनंतर शेषगिरींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, बाहेर पडणं बंद. पद्मनाभ रोज भेटायला यायचा. पाकिटाचं विचारलं की म्हणायचा, अक्कांचं मन अजून होत नाही, घाई करू नको. तोवर आमचा करवला नवनगरला जाऊन 'शेषगिरीने पाठवलंय' सांगून पाकीट घेऊन मोकळा झाला होता.

हे कळलं कुठे, तर हुबळीत, पद्मनाभच्या मुलीच्या, वेदश्रीच्या साखरपुड्यात. नवऱ्या मुलाचे वडील डॉक्टर, पेनांचे शौकीन. त्यांनी कोटाच्या खिशातून तेच पाकीट काढून शेषगिरींच्या हातात दिलं. व्याह्यांनी दिलंय, तुम्हाला यातलं कळतं म्हणे, बघा बरं. मी ताट घेऊन शेजारीच होतो; अशा वेळी मी लांब नसतो. पद्मनाभ आचाऱ्याला बासुंदी वाढायला सांगत होता, आणि इतक्या मोठ्याने बासुंदी कोणी वाढत नाही. शेषगिरींनी झडप उघडली, शिवणीवरून बोट फिरवलं, म्हणाले, "उत्तम आहे. जपा." आणि न जेवता उठले.

बाहेर चपलांपाशी त्यांनी मित्राला गाठलं. पद्मनाभ वरमला नाही.

"तुझ्याकडे कपाटभर आहेत रे," तो म्हणाला. "मला मुलगी एकच."

इथवर शेषगिरींनी गिळलं असतं. पण नवरात्र बसताना अक्कांचा फोन आला. खंडेनवमीला यजमानांच्या पुस्तकांबरोबर ते पाकीट दरवर्षी पूजेत असायचं. तेवढं एक दिवस आणाल का, संध्याकाळी परत न्या. शेषगिरी पद्मनाभच्या दारात जाऊन उभे राहिले. एक दिवस मागून आण, म्हणाले. व्याह्यांना काय सांगू, दिलेली वस्तू परत मागू, असं म्हणून त्याने दार ओढून घेतलं. अक्कांना खरं सांगावं, तर त्यांची भाची डॉक्टरांच्याच घरात दिलेली. दुपारी सांगितलेलं संध्याकाळी मुलाच्या आईच्या कानावर गेलं असतं, आणि वेदश्रीचं काय झालं असतं ते सांगायला नको. तिला शेषगिरींनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

खंडेनवमीला ते रिकाम्या हाताने नवनगरला गेले आणि पाकीट हरवलं म्हणून सांगितलं.

अक्का पूजेच्या पाटावर मोकळी ठेवलेली जागा बघत राहिल्या. "दोन वर्षं मी तुमचे हात बघत होते, शेषगिरीराव," त्या म्हणाल्या. "चुकलेच मी." त्या घरात त्यांना पहिल्यांदाच चहा मिळाला नाही. हे वहिनींनी आमच्या हिला भिंतीवरून सांगितलं, आणि सांगताना नेहमीसारखं हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे त्या संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात आणि वर्षाची भांडणं मिटवतात. दारी बन्नी घेऊन आलेल्याला वैरीसुद्धा परत पाठवत नाही. हे पद्मनाभला ठाऊक होतं, म्हणून तर नवा सदरा घालून आला. मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. झाडांना नको होतं, पण घालत होतो.

"बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु," तो हसून म्हणाला. बन्नी घेऊ, सोन्यासारखे राहू.

शेषगिरींनी हात पुढे केला नाही. मागेही घेतला नाही. "पद्मा, ही पानं आधी अनसूयाअक्कांना दे," ते म्हणाले. "पाकीट कुठे आहे ते सांगू नको. माझ्याकडून हरवलं नाही, एवढंच सांग. मग ये, मी जागा आहे."

पद्मनाभने पानं मुठीत मिटली. मग वळला. मी पाण्याची नळी तशीच टाकून फाटकापर्यंत गेलो. नवनगरकडे जाणारी चिगरी बस आमच्या गल्लीतून उजवीकडे मिळते. तो डावीकडे वळला, जिथे त्याचं घर आहे.